नळी ठरवते प्रमाण

वाचकहो, २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले आणि तेव्हापासून आमच्याकडे नांदेड काय, लातूर काय, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात रॉकेट नसलेली रांग शोधावी लागते. आम्ही ही प्रदर्शने आवडीने पाहतो. एक तर तिकीट नसते, दुसरे म्हणजे पोरे काय करतात ते डोळ्यांनी दिसते. पण या रॉकेटांजवळ जाऊन पाहिले की बहुतेक ठिकाणी एकच नमुना. थर्मोकोलचा दंडगोल, वर शंकू, खाली चार मोठे पंख, अंगावर तिरंगा आणि इस्रो अशी अक्षरे. विचारावे, बाळ, हे कोणते रॉकेट? तो म्हणतो, चांद्रयानाचे. मग विचारावे, चांद्रयानाच्या रॉकेटाला असे पंख होते का? पोरगा सरांकडे बघतो, सर आमच्याकडे बघतात.

पंख नव्हते. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून जे रॉकेट उडाले त्याचे नाव एलव्हीएम-३. उंची ४३.५ मीटर, मधल्या खांबाची जाडी ४ मीटर, दोन्ही बाजूंना घन इंधनाचे ३.२ मीटर जाडीचे दोन खांब, आणि वर डोक्याचे आवरण ५ मीटरचे, म्हणजे अंगापेक्षा डोके मोठे. एवढी चार मापे मांडली तरी थर्मोकोलचा तो नमुना त्यात कुठेच बसत नाही, हे कुणाच्याही ध्यानात येईल.

लातूर जिल्ह्यातल्या एका प्रदर्शनात मात्र आम्ही एक वेगळे टेबल पाहिले. शाळेचे नाव घेत नाही. आठवीतली मुलगी, वडील गवंडी. तिचे रॉकेट खाकी कागदाचे होते, रंग दिलेला नव्हता, पण दोन्ही बाजूंचे खांब जागेवर होते, डोके फुगीर होते आणि खाली पेनाने लिहिले होते, प्रमाण १:१००. रॉकेट सरळ उभे आहे की नाही हे तिने वडिलांच्या ओळंब्याने तपासले होते. बक्षीस तिला मिळाले नाही. ते शहरातल्या दुकानातून तयार आणलेल्या, आत दिवे लागणाऱ्या प्रकल्पाला गेले. परीक्षकांनी चकाकी पाहिली, माप पाहिले नाही. त्या सबंध दालनात प्रतिकृती म्हणावी अशी ती एकच वस्तू होती, असे आमचे मत आहे.

हा विषय म्हणून आज घेतला. रॉकेटची प्रमाणबद्ध प्रतिकृती बांधणे, आणि तीही उडणारी, हा जगभर चालणारा छंद आहे. त्याची सुरुवात कोणी केली हे ऐकाल तर आमच्या वाचकांना गंमत वाटेल. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात नॉरफोक नावाचे गाव आहे. तिथे ऑरव्हिल कार्लाइल नावाचे गृहस्थ होते. त्यांचे जोड्यांचे दुकान होते. शोभेच्या दारूचा परवानाही त्यांच्याकडे होता. त्यांचा भाऊ विमानविद्येवर व्याख्याने देई. त्याला दाखवायला काही असावे म्हणून १९५४ च्या सुमारास कार्लाइल यांनी कागदाची नळी, हलक्या लाकडाचे पंख आणि तयार दारूची छोटी मोटार असे रॉकेट केले. ते उडे आणि छत्रीने खाली येई. १९५७ साली हॅरी स्टाइन या रॉकेट-तंत्रज्ञाचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. मुले घरी रॉकेट करू पाहतात आणि त्यात जखमी होतात, असा त्या लेखाचा विषय. कार्लाइल यांनी आपले नमुने स्टाइन यांना धाडले. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतली पोरे लोखंडी नळ्यांत दारू ठासायला लागली. पुढे व्हर्न एस्टिस यांनी या छोट्या मोटारी बनवणारे यंत्र उभारले आणि कागदी रॉकेटांची किटे घरोघर गेली. जोडे विकणाऱ्या माणसाच्या हातून एक विद्या जन्मली. आमच्या देशात जोडे शिवणाऱ्याला शतकानुशतके शाळेच्या उंबऱ्याबाहेर उभे केले गेले, हे सांगायला नको.

मुद्दा लोखंडी नळीचा. आमच्याकडेही दर दिवाळीनंतर कोणीतरी पोरगा फुसके फटाके फोडून त्यातली दारू गोळा करतो आणि पाइपात भरतो. कोणाचे बोट जाते, कोणाचा डोळा. वस्त्यांतून काम करताना असे हात आम्ही पाहिले आहेत. म्हणून आईवडिलांना हात जोडून सांगतो, फटाक्याची दारू उकरणाऱ्या पोराला तिथेच थांबवा. अभ्यास करतोय म्हणून कौतुक करू नका. १८८४ चा स्फोटक पदार्थ कायदा आणि २००८ चे नियम यांप्रमाणे परवान्याविना दारू तयार करणे हा गुन्हाही आहे. हे सगळे पाहणाऱ्या केंद्र सरकारच्या खात्याचे मुख्यालय लांब दिल्लीला नाही, आपल्या नागपुरात आहे.

परदेशी किट पार्सलने मागवता येते, पण त्यात मोटार नसते. मोटार वेगळी विकली जाते. तिच्यात काळी दारू असते, म्हणून ती साध्या टपालाने येत नाही. त्या मोटारींची रचना मात्र समजून घेण्यासारखी आहे. जाड कागदाची नळी, तळाशी मातीचे तोंड, आधी जोर देणारी दारू, मग काही सेकंद नुसती धुमसणारी, शेवटी एक छोटा भडका, जो रॉकेटचे टोक ढकलून छत्री बाहेर काढतो. ताकद अक्षरांनी सांगतात, ए, बी, सी. अक्षर एक पुढे गेले की ताकदीची कमाल मर्यादा दुप्पट. आमच्या भागात या मोटारीचा नाद सोडून द्यावा. ऑक्टोबरात शेतात सोयाबीनच्या गंजी लागलेल्या असतात. एक ठिणगी पडली तर कुणाचे वर्ष जळेल.

मोटार नाही म्हणजे सगळे संपले असे नाही. या छंदातला मोठा भाग मोटारीच्या अलीकडेच आहे.

किट म्हणजे काय, तर एक कागदी नळी, एक टोक, तीनचार पंख, एक दोरी आणि प्लास्टिकची छत्री. सांगितल्याप्रमाणे जोडले तर कंपनीच्या कल्पनेतले रॉकेट होते, जगात कुठेही नसलेले. हौशी मंडळी तसे करीत नाहीत. ती किट कापतात, त्यात भर घालतात आणि त्यातून खरे रॉकेट काढतात. इथे पहिला नियम लागतो. नळी कापून आखूड करता येते, तिची जाडी बदलता येत नाही. म्हणून प्रमाण आपल्या मनाने ठरत नाही, नळी ठरवते.

या किटांत सर्रास मिळणारी एक नळी ४१.६ मिलिमीटर जाडीची असते. आमचा पेशा आकडेमोडीचा, तेव्हा हिशेब मांडतो. एलव्हीएम-३ चा मधला खांब ४००० मिलिमीटर. भागिले ४१.६, उत्तर साधारण ९६. म्हणजे प्रमाण १:९६. आता दुसरे काही ठरवायचे उरत नाही. उंची ४३,५०० भागिले ९६, म्हणजे ४५ सेंटिमीटर. बाजूचे खांब ३२०० भागिले ९६, म्हणजे ३३ मिलिमीटर. डोके ५००० भागिले ९६, म्हणजे ५२ मिलिमीटर. किटातले टोक नळीच्या मापाचे, ४१.६ चे, म्हणून ते इथे चालत नाही. त्याच्यावर कागदाच्या पट्ट्या खळीने गुंडाळत ५२ पर्यंत न्यायचे, किंवा नवेच करायचे. बाजूच्या खांबांना लागणारी ३३ मिलिमीटरची नळी किटात नाहीच. ती घरी करावी लागते. सातवीत शिकलेले त्रैराशिक, दुसरे काही नाही. पण तेच त्रैराशिक वहीतून उठून हातात आले की पोराला कळते की एक आकडा चुकला तर सगळे रॉकेट वाकडे दिसते. वहीत लाल फुली पडते आणि पान उलटते. इथे पान उलटत नाही.

घरी नळी करणे अवघड नाही, आणि या कामात आमच्या माता-भगिनी पुरुषांपेक्षा पुढे आहेत. घरातले लाटणे घ्यावे, पण मधे फुगीर नको, सरळ अंगाचे हवे. त्यावर आधी एक कोरा कागद सुटा गुंडाळावा, म्हणजे नळी चिकटून बसत नाही. मग खाकी कागदाला मैद्याची पातळ खळ लावून चारपाच वेढे घ्यावेत आणि सावलीत वाळू द्यावे. लाटणे २५ मिलिमीटरचे निघाले तर १९८० चे एसएलव्ही-३ करावे. १८ जुलै १९८० रोजी याच रॉकेटाने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला आणि भारत स्वतःच्या रॉकेटाने उपग्रह सोडणारा देश झाला. त्या प्रकल्पाचे प्रमुख अब्दुल कलाम होते. त्याआधी १० ऑगस्ट १९७९ चे पहिले उड्डाण फसले होते, हेही पोरांना सांगावे. उंची २२ मीटर, वजन १७ टन, तळाची जाडी १ मीटर. लाटण्याच्या नळीवर प्रमाण १:४० आणि उंची ५५ सेंटिमीटर. वर जाताना अंग बारीक होते, त्यासाठी दुसरी, बारीक नळी. शिवाय या रॉकेटाला तळाशी खरोखरच पंख होते, तेव्हा ज्यांना पंखांची हौस आहे त्यांची सोय झाली.

पंख सारख्या अंतरावर बसवणे ही सर्वांत नडणारी गोष्ट. डोळ्याच्या अंदाजाने केले की एक पंख हमखास रुसलेला दिसतो. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळून जिथे टोके मिळतात तिथे कापावी, मग ती पट्टी घडी घालून चार भाग करावेत आणि परत गुंडाळून खुणा कराव्यात. मोजणी नको, गणित नको. लातूरकरांनी गंजगोलाई डोळ्यांसमोर आणावी. मधे गोल आणि त्यातून सोळा रस्ते फुटलेले. वर्तुळ सारखे वाटून घेतले की काम सुबक होते, हे आमच्या लातूरच्या बाजारपेठेला शंभर वर्षांपूर्वीच ठाऊक होते.

आता उडवण्याचे. खऱ्या एलव्हीएम-३ ला पंखांची गरज नसते, कारण उडताना जोराची दिशा वळवून ते स्वतःला सावरते. आपल्या कागदी रॉकेटाला ते डोके नाही. ते पंखांशिवाय सोडले तर हवेत कोलांट्या मारील. जगभरचे हौशी लोक त्यासाठी एक युक्ती करतात. पारदर्शक प्लास्टिकचे पंख लावतात, जे चार पावलांवरून दिसत नाहीत. नव्या शर्टाच्या खोक्याचे स्वच्छ झाकण त्याला पुरते. टोकात थोडी शाडू किंवा चिकणमाती भरून पुढची बाजू जड करायची.

किती जड, याची परीक्षा सोपी आहे. रॉकेट बोटावर तोलावे, तोल साधतो तिथे खूण करावी. मग त्याच मापाची सपाट बाजूची आकृती पुठ्ठ्यातून कापावी, पंखांसकट, आणि ती फुटपट्टीच्या कडेवर तोलावी. पुठ्ठ्याचा तोल साधारण सांगतो की वाऱ्याचा रेटा कुठे बसणार. रॉकेटच्या तोलाची खूण पुठ्ठ्याच्या खुणेपेक्षा टोकाच्या बाजूला, निदान एका जाडीइतकी पुढे हवी. दुसरी परीक्षा म्हणजे तोलाच्या जागी दोरी बांधून रॉकेट डोक्याभोवती गरगर फिरवणे. टोक पुढे ठेवून फिरले तर पास, शेपूट पुढे आले तर आणखी माती भरावी. फिरवताना लहान लेकरांना दूर ठेवावे.

मोठ्या मुलांनी एक प्रश्न सोडवून पाहावा. लांबी ९६ पट कमी केली तर वजन किती पट कमी होते? ९६ पट म्हणणारे चुकले. लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही कमी होतात, म्हणून ९६ चा घन, म्हणजे जवळजवळ पावणेनऊ लाख पट. एलव्हीएम-३ चे वजन ६४० टन. त्या हिशेबाने आपली प्रतिकृती पाऊण किलोच्या आत भरली पाहिजे. कागदाची पोकळ असल्याने ती त्याहूनही कितीतरी हलकी होते. ६४० टन आणि ४५ सेंटिमीटर यांचा असा मेळ लागला की मुलांचे डोळे मोठे होतात, हे आम्ही अभ्यासिकेत पाहिले आहे.

आमचे सगळ्यांत आवडते रॉकेट मात्र सर्वांत लहान आहे. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळात थुंबा इथून आपल्या देशातले पहिले रॉकेट उडाले, ते अमेरिकन होते. चार वर्षांनी, २० नोव्हेंबर १९६७ ला, आपले स्वतःचे पहिले उडाले, आरएच-७५. रोहिणी मालिकेतले हे. ७५ हा आकडा त्याच्या जाडीचा, ७५ मिलिमीटर. वाचकांत शेतकरी असतील त्यांना वेगळे सांगायला नको की ७५ चा पीव्हीसी पाइप म्हणजे काय. नांदेडपासून लातूरपर्यंत बांधाबांधावर तो पडलेला असतो. प्रदर्शनात मांडायला त्या पाइपाचे तुकडे घ्या आणि भारताचे पहिले रॉकेट आहे तेवढ्याच आकारात उभे करा. प्रमाण १:१. लांबीसाठी त्याचा बाजूने घेतलेला फोटो पाहावा. फोटोत जाडी किती मिलिमीटर, लांबी किती, भागाकार करावा आणि ७५ ने गुणावे. टोक आणि पंख याच रीतीने. एक माप खात्रीचे असले की बाकीची मापे फोटो देतो.

पीव्हीसीचे रॉकेट फक्त उभे करायचे. त्यात हवा भरायची नाही, त्याचे तुकडे सुरीसारखे उडतात. उडवायचे असेल तर गॅसच्या थंड पेयाची प्लास्टिकची बाटली. पाण्याची बाटली नको, ती पातळ असते. गॅसच्या पेयाची बाटली दाब सोसायलाच बनवलेली असते. छोटी बाटली जाडीला सात-आठ सेंटिमीटर भरते, म्हणजे आरएच-७५ च्या अगदी शेजारी. बाटली उलटी धरून वर कागदी नळी आणि टोक चढवावे, पंख बाटलीला नुसते चिकटवावेत, भोक पाडू नये. एक तृतीयांश पाणी, रबरी बूच, बुचातून सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह, त्याला लांब नळी आणि पायाने मारायचा पंप. दाब वाढला की बूच निसटते, पाणी खाली फेकले जाते आणि रॉकेट वर. खाली जेवढा धक्का, वर तेवढाच, न्यूटनचा तिसरा नियम. दारू नाही, ठिणगी नाही, भिजायला तेवढे होते. टोक मऊ ठेवावे, धातूची वस्तू कुठेही नको, पंप मारणाऱ्याने पाचसहा मीटर लांब राहावे आणि डोळ्यांना चष्मा. ओरखडे पडलेली बाटली दुसऱ्यांदा वापरू नये.

कोणी म्हणेल, पोटापाण्याचा विचार करा, हे खेळ कशाला? लातूर पॅटर्नने आमची कितीतरी मुले डॉक्टर-इंजिनियर झाली, त्याचा आम्हांला अभिमानच आहे. पण नववीपासून फक्त गोल काळे करणाऱ्या हातांना कात्री धरता येईनाशी झाली आहे, तेही आम्ही पाहतो. इस्रोच्या रॉकेटांना लागणारी विकास इंजिने विक्रोळीच्या गोदरेजमध्ये घडतात, घन इंधनाच्या मोटारींची आवरणे इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात बनतात. ती घडवायला लेथवर उभा राहणारा आणि वेल्डिंग करणारा माणूस लागतो, मिलिमीटर ओळखणारा. आयटीआयला जाणाऱ्या आपल्या पोराकडे नापास म्हणून पाहणाऱ्या बापांनी हे ध्यानात घ्यावे.

शिवाय ही कला आपल्या वस्त्यांना परकी नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीसाठी रात्र-रात्र जागून प्लाय आणि थर्मोकोलमधून दीक्षाभूमीचा स्तूप उभा करणारी पोरे कोण असतात? घुमट जरा बसका झाला तरी म्हातारी माणसे लगेच म्हणतात, हा आपला स्तूप नव्हे. प्रमाण म्हणतात ते हेच. फक्त ते कुणी कागदावर लिहून ठेवत नाही. मिरवणूक झाली की देखावा मोडतो आणि मापेही त्याच्याबरोबर जातात. ती वहीत उतरवावीत, एवढाच आमचा आग्रह.

प्रमाणबद्ध रॉकेटांच्या जागतिक स्पर्धा होतात. पहिली १९७२ साली युगोस्लाव्हियात व्हर्शात्स इथे झाली. तिथे या प्रकारात स्पर्धकाला आपल्या रॉकेटबरोबर मूळ रॉकेटची मापे, आराखडा आणि फोटो द्यावे लागतात, आणि परीक्षक ते शेजारी ठेवून गुण देतात. आमच्या तालुक्याच्या प्रदर्शनांत एवढे करायला खर्च काय येतो? टेबलावर एक कागद ठेवायचा. त्यावर मूळ रॉकेटचे नाव, चार मापे, प्रमाण आणि ही मापे कुठून घेतली ते. परीक्षकाच्या हातात एक फुटपट्टी. दुकानातून आणलेल्या प्रकल्पाला हा कागद भरता येणार नाही. शिक्षक वाचकांनी आपल्या शाळेत तरी हे सुरू करावे. इन्स्पायर-मानक योजनेत निवड झालेल्या मुलाच्या खात्यात १०,००० रुपये येतात आणि जिल्हा परिषदेच्या शाळेलाही नावे पाठवता येतात. पण तिथे नुसती प्रतिकृती चालत नाही, कल्पना नवी लागते. कागदी रॉकेट त्याची तयारी म्हणून धरावे.

उडवायला सकाळी सहा ते आठची वेळ बरी, वारा कमी असतो. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे विमानतळ आहेत, त्या बाजूची मैदाने टाळावीत. विजेच्या तारा, रस्ता आणि रेल्वेमार्ग यांपासून दूर मोकळे रान पाहावे, मालकाला विचारून. दोन बादल्या पाणी घरूनच न्यावे.